या आन्याच्या टीचर

शंभर वर्षांच्या बावीस म्हाताऱ्यांना सांभाळता सांभाळता उपासना रामटेकेचा जीव मेटाकुटीला आला होता. कोणाची काठी हरवली होती, कोणाच्या केसांतली टाल्कम पावडर नाकात जाऊन शिंकांवर शिंका येत होत्या, आणि एक आजोबा तर घरी जायचंय म्हणून भोकाड पसरून बसले होते. यांतलं कोणीही सात वर्षांपेक्षा मोठं नव्हतं.

अमेरिकेतल्या हर्नडनच्या मेपल रन एलिमेंटरीत शाळेचा शंभरावा दिवस असाच साजरा व्हायचा. फेब्रुवारीचा मध्य, बाहेर दात वाजवणारी थंडी, आणि वर्गात पहिलीची मुलं शंभर वर्षांची होऊन आलेली. प्रत्येकाने घरून कुठल्याही शंभर वस्तू आणायच्या. बटणं, मणी, मॅकरोनी, काहीही चालायचं. मग दहा-दहाचे ढीग मांडायचे आणि दहा ढीग झाले की वर्गाने टाळ्या वाजवायच्या. उपासनाचं शिक्षिका म्हणून हे पाचवं वर्ष, आणि वर्षातला हा तिचा सर्वांत लाडका दिवस.

पण त्या दिवशी टाळ्या एकवीस जणांनाच मिळाल्या. आन्या केळकर नावाची मुलगी नाकावर आजीचा चष्मा आणि खांद्यावर क्रोशाची शाल घेऊन आली होती. डब्यात चिंचोके. तिने दहा ढीग मांडले आणि एक चिंचोका उरला. पुन्हा मोजले, पुन्हा उरला. चौथ्या वेळी तिचा ओठ थरथरायला लागला, तेव्हा उपासना स्वतः शेजारी मांडी घालून बसली आणि मोजून बघितलं. एकशे एक. एखादा जास्त आला म्हणून काही बिघडत नाही, असं तिने आन्याला सांगून पाहिलं, पण आन्याचं दुःख वेगळंच होतं.

"ओजसकाका काउंटेड देम," ती मुसमुसत म्हणाली. "ही इज नेव्हर राँग."

कधीच न चुकणाऱ्या या काकाला बघायचंच, असं उपासनाने ठरवून टाकलं. संधी दुपारीच आली. शाळा सुटताना गाड्यांच्या रांगेवर तिची ड्यूटी होती. तिथल्या पाटीवर 'किस अँड राइड' असं लिहिलेलं असतं. पोराचा पापा घ्या आणि गाडी पुढे काढा, एवढाच त्याचा अर्थ. शाळेचं दोनशे चौदा नंबरचं कार्ड लावलेली करडी गाडी पुढे आली. काचेमागे उंच, किडकिडीत, चष्मेवाला तरुण होता. उपासना खिडकीशी वाकली आणि सरळ मराठीत म्हणाली, "चिंचोके तुम्ही मोजलेत का?"

अमेरिकन शाळेच्या दारात पिवळं जॅकेट घातलेल्या टीचरने आपल्याला चिंचोक्यांबद्दल विचारावं, याची त्या बिचाऱ्याला स्वप्नातही कल्पना नव्हती.

"येस, मॅम," तो म्हणाला. मग भानावर आला. "म्हणजे... हो. शंभर. दोनदा मोजलेत."

"एकशे एक होते."

"शक्यच नाही. मी इंजिनिअर आहे."

"म्हणूनच मी स्वतः मोजले."

त्याने कपाळावर हात मारला. आई, एवढंच म्हणाला. मग भराभर सगळं सांगून टाकलं. वहिनीचं नुकतंच बाळंतपण झालंय, आई त्यासाठी सांगलीहून आलीये, आणि काल रात्री 'बरोब्बर शंभर' हे ऐकल्यापासून ती अस्वस्थ होती. पुरे शंभर कधी कोणाला देऊ नयेत, वर एक ठेवावा, नाहीतर तिथेच सगळं संपतं. तिने गुपचूप डबा उघडून एक वाढवला असणार.

"आहेराला कोणी शंभर देतं का?" तो म्हणाला.

"हा आहेर नव्हता. गणित होतं."

"मग टीचर रागावल्या, असं सांगू आईला?"

"टीचर रागावत नाहीत, होमवर्क देतात. आज घरी गेल्यावर आन्याला सांगा, की चूक तिची नव्हती."

"आणि माझी?"

"तुमची होती. डब्याचं झाकण लावेपर्यंत तुम्ही तिथेच थांबायला हवं होतं."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा थोडा खाली घसरायचा आणि तो एका बोटाने वर सरकवायचा. उपासनाने हे नको तितक्या बारकाईने पाहिलं. तेवढ्यात मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. हर्नडनमध्ये हॉर्न वाजणं म्हणजे जवळजवळ शिवीच. त्याने घाबरून गाडी पुढे काढली, वळण घेतलं आणि निघूनसुद्धा गेला. आन्या शाल सावरत तिथेच फुटपाथवर उभी होती.

"ही फरगॉट मी," ती शांतपणे म्हणाली.

बारा मिनिटांनी ती करडी गाडी पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली. आत बसलेल्या माणसाचे कान लालबुंद झाले होते. उपासनाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही तिला जमला नाही.

पुढे मार्च उजाडला आणि व्हर्जिनियातला तो किरकिऱ्या, थांबायचं नाव न घेणारा पाऊस सुरू झाला. त्या रांगेत माणशी वीस सेकंद मिळतात. वीस सेकंदांत प्रेमात पडता येतं का? येतं की, फक्त थोडं थोडं पडावं लागतं. सोमवारी तो म्हणाला, की विमानतळावर बॅगा फिरवणारे पट्टे असतात ना, त्यांचं सॉफ्टवेअर मी लिहितो. मंगळवारी ती म्हणाली, की माझी बॅग तुम्हीच दोन वर्षांपूर्वी डेन्व्हरला पाठवलीत का? बुधवारी त्याने काच खाली केली आणि आलं घातलेल्या चहाचा छोटा थर्मास पुढे केला. रेनकोटच्या बाहीतून पाणी गळत होतं, वॉकीटॉकीवर कोणीतरी नंबर ओरडत होतं, आणि थर्मास घेताना तिची गारठलेली बोटं त्याच्या बोटांना लागली... गुरुवारी दोघंही काहीच बोलले नाहीत. शुक्रवारी आन्याने मागच्या सीटवरून विचारलं, की आज तुमचं बोलणं संपलं का, मला भूक लागलीये.

शाळेत दर शुक्रवारी एक 'मिस्टरी रीडर' यायचा. कोणाच्या तरी घरचं माणूस न सांगता येऊन गोष्ट वाचायचं, आणि मुलांनी आधी तीन खुणांवरून त्याला ओळखायचं. ओजसने नाव नोंदवलं आणि खुणा पाठवल्या. पहिली: मी बॅगा गोल गोल फिरवतो. दुसरी: मला बदकांची भीती वाटते. तिसरी: मी एकदा एका मुलीला शाळेतच विसरलो होतो. तिसरी खूण वाचून होण्याआधीच बावीस जणांनी 'आन्याज् अंकल' असा एकच गिल्ला केला. त्याने मातीच्या ढिगाऱ्यात अडकलेल्या जेसीबीची गोष्ट इतक्या गंभीरपणे वाचली, की शेवटी दोन मुलं त्याच्या मांडीवर आणि एक पाठीवर होतं. बदकं चावतात का, तुला बायको आहे का, तू रडतोस का, असे प्रश्न आले. त्याने एकालाही बगल दिली नाही. हो, नाही आणि कधी कधी, अशी उत्तरं होती.

त्याला दारापर्यंत सोडायला उपासना गेली. डोळ्यांच्या बावीस जोड्या पाठीमागून बघतच होत्या.

"कॉफी घ्यायला याल का कधी?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"आत्ता मी शाळेत आहे. शाळा साडेतीनला सुटते."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे साडेतीननंतर विचारा."

तीन वाजून एकतीस मिनिटांनी तो पार्किंगमध्ये छत्री घेऊन उभा होता आणि त्याने विचारलं.

त्यानंतर काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी आता पायवाट झालीये, तिथे ते दर शनिवारी चालायला जायला लागले. तळ्याकाठची बदकं दिसली की ओजस तिच्या पलीकडच्या बाजूला जायचा. तिसऱ्या शनिवारी 'तुम्ही' कधी गळून पडलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. उपासनाला कुठलीच गोष्ट अर्धवट ठेवायची सवय नव्हती. तिने प्रिन्सिपलबाईंच्या केबिनमध्ये जाऊन सरळ सांगून टाकलं, की माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या काकाशी माझी मैत्री वाढतेय. गाड्यांची रांग तेवढी अडवू नका, एवढंच त्या म्हणाल्या. घरी तिने बाबांना सांगितलं. ईश्वर रामटेके वीस वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या उपासनाला घेऊन नागपूरहून इथे आले होते. रस्ते आणि पूल बांधण्यात आयुष्य गेलेला माणूस, कमी बोलणारा. त्यांनी एकच विचारलं.

"पोरगा खरं बोलतो का?"

"बोलतो, बाबा. कधी कधी उशिरा बोलतो."

कारण ओजसने घरी अजून चकार शब्द काढला नव्हता. आधी बाळाला लस टोचायची होती, मग वहिनीला बरं नव्हतं, मग आईची कंबर धरली होती. घरात काही ना काही असतंच, आणि असायलाच लागतं. नाहीतर माणसं सबबी कुठून आणणार?

एप्रिलच्या अखेरीस शाळेत आजी-आजोबांचं जेवण होतं. ओजसची आई, शोभाकाकू, आल्या त्या सुती साडी आणि पायात सुनेचे स्पोर्ट्स शूज घालून. जाळीत ठेवलेले फुलपाखरांचे कोश त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिले, आन्याच्या डेस्कवर हात फिरवला, आणि जेवण झाल्यावर गालिच्यावर फतकल मारून मुलांना पाच खड्यांचा खेळ शिकवायला बसल्या. खडा वर उडवायचा, खालचा उचलायचा, वरचा झेलायचा. एल साल्वाडोरची मुलं, कोरियाची मुलं, इथिओपियाची मुलं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसली. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती आणि कोणाचं काही अडतही नव्हतं. उपासनाला त्या फार आवडल्या. तिथेच तर पंचाईत होती.

निघताना त्यांनी तिचा हात हातात घेतला. "आन्या तुमचं नाव काढत असते सारखं. रामटेके म्हणजे नागपूरकडचे का तुम्ही?"

"हो, काकू."

"म्हणजे रामटेके म्हणजे..."

मराठीत अशी वाक्यं बरीच असतात, जी समोरच्याने पूर्ण करायची असतात. उपासना शिक्षिका होती. तिने पूर्ण केलं.

"आम्ही बौद्ध आहोत."

"हो का," शोभाकाकू म्हणाल्या. हात लगेच सोडला नाही, आवाजातली साखर कमी झाली नाही. कोशातून फुलपाखरू किती दिवसांनी बाहेर येतं, असं विचारून त्या गेल्या. पण त्या 'हो का'चं वजन उपासनाला लहानपणापासून ठाऊक होतं. शनिवारी तिने ओजसला जसंच्या तसं सांगितलं. आई तशी नाहीये, असं तो म्हणाला, मग थोडं अंतर चालून गेल्यावर, खाली बघत, "बारसं होऊ दे. मी सांगतो," असं म्हणाला.

बारसं मेमधल्या एका शनिवारी झालं. तिकडे बाराव्या दिवशी करतात ते इथे हॉल, सुट्टी आणि सगळ्यांची सोय बघून साडेतीन महिन्यांनी होतं. हॉल मिळाला नाही म्हणून घरीच केलं. दाराशी चपलांचा डोंगर, जिन्याच्या कठड्याला फुलांच्या माळा, ओजसचा भाऊ वेद आणि वहिनी वैदेही घामाघूम झालेले, आणि पाळण्यात या गोंधळाशी काही देणंघेणं नसलेला अनय. उपासनाला बोलावणं होतं. ती आंब्याच्या रंगाची साडी नेसून गेली, पाळण्याची दोरीही तिने ओढली. ओजस लांबून तिच्याकडे बघत होता, आणि त्याचं बघणं तिला पाठीवरसुद्धा जाणवत होतं.

इथल्या मराठी मंडळाच्या रेखाकाकूंच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. घुगऱ्यांचं ताट घेऊन शोभाकाकू शेजारीच उभ्या असताना त्यांनी ओजसला कोपराने ढोसलं. "ही कोण रे, गोड मुलगी?"

ओजसने आईकडे पाहिलं. उपासनाकडे पाहिलं. चष्मा वर सरकवला.

"या... आन्याच्या टीचर," तो म्हणाला.

उपासनाने हसून नमस्कार केला, घुगऱ्या घेतल्या, छान झाल्यात म्हणून सांगितलं, आणि कोणाला वावगं वाटणार नाही अशा वेळी निघाली. तो मागोमाग गाडीपर्यंत धावत आला.

"उपासना, ऐक ना. चाळीस माणसं होती यार."

"चाळीस जणांना सांग, असं मी कधी म्हटलं? एकीला सांग म्हटलं होतं."

"ती जुलैत परत जातेय. मग निवांत, फोनवर..."

"आन्याची टीचर मी साडेतीनपर्यंत असते, ओजस," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "साडेतीननंतर मी कोण, ते तू ठरव. आणि ठरलं की मोठ्याने सांग. लपंडाव मी पहिलीच्या मुलांशी खेळते, तेही फक्त मधल्या सुट्टीत."

त्याच्यासमोर ती रडली नाही. पुढच्या चौकातल्या लाल दिव्याशी मात्र रडली, आणि दिवा हिरवा झाल्यावर डोळे पुसून गाडी पुढे काढली. तिला तो हवा होता. त्याचं ते बोटाने चष्मा सरकवणं, बदकांना घाबरणं, मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरं देणं, सगळंच हवं होतं. फक्त कोणाच्या तरी पाठीमागे लपवून ठेवलेलं नको होतं.

पुढचे तीन आठवडे तिने रांगेतली पलीकडची बाजू मागून घेतली. दोनशे चौदा नंबर आला की दुसरी टीचर आन्याला गाडीत बसवायची. तो लांबून हात वर करायचा. तीही करायची, रीतसर. फुलपाखरं कोशातून बाहेर आली, मुलांनी मैदानावर जाऊन ती सोडली, एक बराच वेळ उपासनाच्या बाहीवर बसून राहिलं. त्या दिवशी आन्याने विचारलंच.

"मिस आर, आर यू मॅड ॲट ओजसकाका?"

मोठ्या माणसांना होमवर्क करायला जरा जास्त वेळ लागतो, असं उपासनाने तिला सांगितलं. आन्याला ते पटलं. ओजसकाका घरी सारखा खिडकीशी उभा असतो, हेही तिने सांगून टाकलं.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी फील्ड डे होता. खेळांचा दिवस. सकाळपासून मैदानावर जत्रा भरली होती. रस्सीखेच, पोत्यांची शर्यत, स्पंज पिळून बादली भरायची स्पर्धा. तिसरीच्या मुलांनी रंगवलेले झेंडे. साल्वाडोरच्या आयांनी झाडाखाली तवे मांडून गरमागरम पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, लावलेल्या. कोणाचे तरी आजोबा ढोल घेऊन आलेले. ऊन असं स्वच्छ पडलं होतं की गवतावरचं पाणीसुद्धा चमकत होतं. उपासना गळ्यात शिट्टी अडकवून पोत्यांच्या शर्यतीवर उभी होती. बावीसपैकी सतरा पोरं पडत होती आणि पुन्हा उठत होती.

अशा दिवशी शाळेत आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आधी दारातल्या टेबलाशी थांबावं लागतं. तिथे बसलेली रोझा त्याचं ओळखपत्र बघते आणि एका स्टिकरवर त्याचं नाव लिहिते. त्याखाली, कोणासाठी आलात त्याचं नाव. ते छातीवर चिकटवल्याशिवाय ती कोणालाही आत सोडत नाही. एवढ्यात उपासनाच्या कमरेची वॉकीटॉकी खरखरली आणि रोझा हसू दाबत म्हणाली, "मिस आर, तुझा पाहुणा येतोय."

माझा कोण पाहुणा, असं म्हणत उपासना वळली. मैदान ओलांडून ओजस येत होता. सरळ, भराभर, आजूबाजूला न बघता. छातीवर रोझाच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: ओजस केळकर. आणि खाली, जिथे एरवी आन्याचं नाव असायचं, तिथे: मिस रामटेके.

त्याच्यामागून, दहा पावलांवर, शोभाकाकू येत होत्या. ओठ घट्ट मिटलेले.

"आईला सांगितलं," तो धापा टाकत म्हणाला. "आत्ता. रांगेत. मागे नऊ माणसं होती."

उपासनाने ते स्टिकर पुन्हा एकदा वाचलं. तेवढ्यात शोभाकाकू येऊन पोचल्या. त्या आधी झाडाखालच्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मुलाला म्हणाल्या, की तू जरा तिकडे जा. तो गेला. त्यांनी शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. उपासनाने शिट्टी दुसऱ्या टीचरकडे दिली आणि बसली.

"तीस वर्षं पोस्टात पत्ते वाचलेत मी," शोभाकाकू म्हणाल्या. "त्याला वाटलं, सांगावं लागेल. मी स्टिकर वाचूनच विचारलं, हे काय. मग बोलला." त्यांनी आवाज जरा खाली आणला. "त्या दिवशी मी 'हो का' म्हटलं होतं. तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं, काकू."

"मग काही बोलली का नाहीस?"

"माझं बोलून झालं होतं. पुढचं तुमच्या मुलाने बोलायचं होतं."

समोर आन्या पोत्यासकट आडवी झाली, उठली, पुन्हा उड्या मारायला लागली. दोघीही तिच्याकडे बघत होत्या.

"खोटं कशाला बोलू," शोभाकाकू म्हणाल्या. "मला आनंद झाला असं नाही. सांगलीत चार लोकांना काय सांगायचं, हेच आधी मनात आलं. आणि मग लाज वाटली. एवढे महिने पोरगं माझ्यापासून लपवत होतं. म्हणजे त्याच्या लेखी मी कशी बाई असेन... वेळ लागेल मला."

"लागू दे. मी कुठे जात नाहीये," उपासना म्हणाली. मग तिने त्यांच्याकडे वळून सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "पण काकू, मी थांबेन ती तुम्हाला सवय व्हावी म्हणून. परवानगीसाठी नाही."

शोभाकाकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रागावतात की काय असं वाटलं. पण त्यांच्या मिटलेल्या ओठांचा एक कोपरा थोडासा हलला.

"टीचर आहेस खरी," त्या म्हणाल्या.

मैदानाच्या मध्यावर भोंगा वाजला. आता टीचर आणि पाहुण्यांची तीन पायांची शर्यत होती. पहिलीच्या वर्गाला कोणी काही सांगायची गरजच पडली नाही. बावीस जणांनी ओजसला ढकलत ढकलत आणून उपासनाच्या शेजारी उभं केलं. पी.टी.च्या सरांनी तिचा उजवा आणि त्याचा डावा पाय लाल कापडाने करकचून बांधला. शोभाकाकू खुर्चीवरून उठल्या, जवळ आल्या आणि त्यांनी मुलाच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला.

"पडशील. फुटेल," त्या म्हणाल्या आणि चष्मा पदराने पुसत परत जाऊन बसल्या.

शिट्टी वाजली. आधी बांधलेला पाय, मग मोकळा. त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला, तिने त्याच्या कमरेला धरलं, आणि चार पावलांत दोघांना ताल सापडला.

"झालं," तो तिच्या कानाशी म्हणाला. "आईला कळलं, वहिनीला सकाळीच सांगितलं, रोझाला कळलं, रांगेतल्या नऊ जणांना कळलं. कोणी राहिलं नाही."

"एकीचं राहिलंय."

"कोणाचं? रेखाकाकूंना तर उद्यापर्यंत—"

"माझं. ओजस, तू अख्ख्या शाळेला सांगितलंस. मला अजून एकदाही म्हणाला नाहीयेस."

तो जागच्या जागी थांबला. तीन पायांच्या शर्यतीत एकट्याला थांबता येत नाही. दोघंही ओल्या गवतावर सपशेल आडवे झाले. शेजारून पी.टी.चे सर आणि कोणाची तरी आजी भरधाव पुढे निघून गेले. मुलं जिवाच्या आकांताने ओरडत होती. चष्म्याशिवाय ओजसला पलीकडचं काहीच दिसत नसणार, कारण तो फक्त तिच्याकडे बघत होता.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "खूप आहे. फेब्रुवारीपासून आहे. आणि त्या दिवशी बारशाला मी माती खाल्ली, त्याबद्दल..."

"ते नंतर. आधी पहिलं वाक्य पुन्हा म्हण."

त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी इतक्या मोठ्याने, की ढोलवाले आजोबा वाजवायचे थांबले. उपासनाच्या केसांत गवत होतं, कोपर सोललं होतं, आणि तिला आयुष्यात इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"आता उठ," ती म्हणाली. "मुलं बघतायत. शर्यत अर्धी सोडायची नसते."

"आणि तुझं उत्तर?"

"माझंही आहे. हेच उत्तर. चल, बांधलेला पाय आधी."

ती दोघं सर्वांत शेवटी पोचली. वाटेत पुन्हा एकदाही पडली नाहीत.